कापसातलं इंजिन

गुरुवारच्या वाती मी पोथीवरून आल्यावर वळते. आज शंभर करायच्या होत्या. बासष्ट झाल्या आणि मांडीवरचा कापूस संपला. उजवा तळवा राखेनं माखलेला, ताटलीत वातींची ओळ अर्धवट, तशीच उठले आणि मूठभर कापूस आणायला मागच्या खोलीचं दार लोटलं.

खोली रिकामी होती.

भिंतीच्या खरबरीत जागी कुठे कुठे बोंडाचे तंतू अडकलेले, खाली पालापाचोळा. काल संध्याकाळपर्यंत इथे माझ्या छातीएवढा ढीग होता. मी पहाटे पाचला मंदिरात गेले होते, नऊला आले. तेवढ्यात आमच्या ह्यांनी प्रेमसिंगची पिकअप बोलावली, कापूस भरला आणि दारव्ह्याच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, नेला. भाव चढल्याचा निरोप आला की हे कोणाला विचारत बसत नाहीत.

 त्या ढिगात मी काल कोपरापर्यंत हात खुपसून मामाजींचं इंजिन लपवलं होतं.

इंजिन म्हणजे चिलीम. वीतभर लांबीची, पितळेची, हुबेहूब जुन्या कोळशाच्या आगगाडीच्या इंजिनासारखी. धुराड्यात तंबाखू भरायची, मागून ओढायचं आणि हलकेच उलटी फुंकर मारली की धुराड्यातून धूर निघायचा. चाकं लोखंडाची. माझे सासरे बबनराव, ज्यांना आम्ही घरचे मामाजी म्हणतो, त्यांच्या त्रेपन्न चिलमींतली ही पहिली.

त्रेपन्न हा आकडा मला काल कळला, कारण काल मीच त्या लोखंडी पेटीत भरल्या. मामाजी सकाळी शेतात गेले होते आणि माझ्या लेकीला, सलोनीला, बघायला दुपारी बाभुळगावचे पाहुणे येणार होते. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलाचा बाप मात्र एकाच गोष्टीत कडक. त्यानं आधीच्या दोन सोयरिकी खर्ऱ्यावरून मोडल्या होत्या. म्हणजे मुलीच्या घरात कोणी खर्रा, तंबाखू घोटलेली सुपारी, खातं एवढंच कारण. आणि आमच्या पुढच्या खोलीत तर शिरलं की समोर फळीवर चिलमीच चिलमी. मातीचा मासा. म्हशीच्या शिंगाची. पुसदच्या कुंभारानं केलेली दोन तोंडांची, दोघांनी एकदम ओढायची. यवतमाळच्या भंगारवाल्याकडची पिस्तुलासारखी. एका निवृत्त वनअधिकाऱ्यानं दिलेली, दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडाची विलायती. माझ्या अक्षयनं मोबाइलवरून मागवलेली मक्याच्या बुरकुंड्याची, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाची. पाहुण्यांनी ते पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हे घर आहे की गांजाचा अड्डा?

बावन्न पेटीत गेल्या. इंजिन देव्हाऱ्याच्या बाजूच्या कोनाड्यात एकटंच असतं, ते राहून गेलं. दिसलं तेव्हा अंगणात गाडी थांबली होती. आमच्या घरात घाईनं काही लपवायचं म्हणजे कापसात. लेकरं परीक्षेची प्रगतिपुस्तकं कापसात लपवायची, मी दिवाळीचा चिवड्याचा डबा कापसात लपवते. मीही तेच केलं. मग पदर सावरून बाहेर गेले.

मुलाच्या बापानं पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "घरात कोणी खातं-पितं काय?"

मी म्हटलं, "तंबाखूचा वास बी नाही जी आमच्या घरात."

समोर महाराजांचा फोटो होता. त्यांच्या हातात चिलीम. मी नजर खाली केली.

* * *

ह्यांना फोन लावला. फोन देव्हाऱ्याखालच्या फळीवर वाजला. चार्जिंगला लावून तसेच गेले होते.

पुढच्या खोलीत मामाजी पेटी उघडून बसले होते. एकेक चिलीम कापडानं धरायची, फळीवर तिच्या जागी ठेवायची, गळ्यात बांधलेली दोऱ्याची चिठ्ठी समोर करायची. चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख. ते चिलीम घासत नाहीत, आतली काजळी काढत नाहीत आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. पोळ्याच्या दिवशी गाव बैल सजवतो, तेव्हा मामाजी सगळ्या चिलमी ओट्यावर रांगेनं मांडतात. पोरं गोळा होतात. "आजोबाचा पोळा" म्हणतात त्याला.

"सूनबाई," मागे न पाहताच ते म्हणाले, "एक कमी हाय वं. इंजिन कुठी ठेवलं?"

"काढते जी," मी म्हटलं आणि आत आले.

देवापुढे उभी राहिले.  आत्ता इंजिन कुठे असेल? गाडीत? जिनिंगच्या गंजीत? मामाजींना काय सांगू? काल त्यांना मी एवढंच सांगितलं होतं, पाहुणे आहेत, पेटीत भरल्या. ते शेतातून आले तेव्हा पाहुणे चहा पीत होते. रिकाम्या फळीकडे त्यांनी एकदा पाहिलं, खाटेच्या कडेला बसले आणि पाहुण्यांशी पावसापाण्याचं बोलत राहिले. पाहुणे गेल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "महाराजाच्या हातात तुले चालते. माह्या फळीवर काहून नाही चालत?" मी हसण्यावारी नेलं. तेही हसले होते.

बाहेर आले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. कापसात ठेवलं होतं. कापूस गेला.

मला वाटलं, ओरडतील. मामाजींनी हातातला मातीचा मासा हळूच खाली ठेवला. डाव्या हातावरून उजवा हात फिरवला. डाव्यावर मनगटापासून कोपरापर्यंत जुनी भाजलेली कातडी आहे, सुरकुतलेली, चकचकीत.

"चाकं लोखंडाची हायेत तिले," ते म्हणाले. "जिनात गेली तं ठिणगी पडन."

मी तोपर्यंत फक्त इंजिन हरवल्याचा विचार करत होते. जिनात काम करणाऱ्या बायांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

"फोन लाव. प्रेमसिंगले लाव."

त्यांच्या डायरीतून नंबर काढला. बंद. परत लावला. बंद.

"जिनात कोनाचा नंबर हाय?"

होता. एकच होता, माझ्याच फोनमध्ये, काल संध्याकाळीच घेतलेला. मुलाचे काका त्याच जिनिंगवर मुनीम आहेत. काल आमच्या खाटेवर बसून त्यांनी दोन कप चहा घेतला होता आणि जाताना म्हणाले होते, "भाऊ दोन दिवसांत निरोप देते म्हने. मी कळवतो तुमाले." सलोनी दाराआड उभी होती. रात्री तिनं न सांगता भांडी घासली.

मी फोन हातात धरून उभी. नंबर समोर, अंगठा हलेना. काय सांगायचं? काल जे नाही म्हटलं तेच तुमच्या कापसात आहे? वाटलं, आधी जिनिंगवर जाऊ. गुपचूप ह्यांना गाठू. कदाचित गाडी खालीच झाली नसेल. नऊ किलोमीटर तर आहे.

"मी लावू काय?" मामाजी म्हणाले.

ते रागानं म्हणाले नाहीत. म्हणून मला जास्त लागलं.

"नाही जी. मीच लावते."

तिकडे यंत्रांचा घरघराट. मुनीम ओरडून बोलत होते. "हॅलो! कोन?"

"मी सलोनीची आई. जिन बंद करा भाऊ. आमच्या कापसात लोखंड गेलं."

"काय गेलं?"

"लोखंड! चिलीम हाय, चिलीम!"

"चिलीम?" त्यांचा आवाज थांबला. मागे यंत्र चालूच. "कोनाची चिलीम?"

"आमची," मी म्हटलं. आणि फोन कटला. त्यांनी ठेवला की रेंज गेली, देव जाणे. परत लावला तर उचलला नाही.

* * *

फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती. आठ माणसं होती आणि जीपवाला बारा झाल्याशिवाय हलत नाही. मामाजी त्याला म्हणाले, "चार सीटा माह्या. चाल." असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल. एरवी ते जीप भरेपर्यंत फाट्यावरच्या दगडावर बसून बोटांची कांडी मोजतात.

मी खिडकीतून सारखी दारव्ह्याच्या दिशेला पाहत होते. धूर दिसतो का ते. दूर कुठेतरी काळी रेघ दिसली. जवळ गेल्यावर कळलं, कोणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळत होतं.

मामाजी हळू आवाजात बोलत होते, माझ्याशी की स्वतःशी, सांगता येणार नाही. त्यांच्या आयुष्याचं एवढं मी त्यांच्या तोंडून वीस-बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

ते विशीत होते तेव्हा घरची जमीन कोरडवाहू, घरात खाणारी तोंडं नऊ. कापसाच्या दिवसांत ते दारव्ह्याच्या एका जिनात कामाला जायचे. ते जिन आता नाही. जिनात बिडी-काडीला बंदी, म्हणून तल्लफ आलेली माणसं कुंपणाबाहेर छोट्या आगगाडीच्या रुळाशी जाऊन बसायची. तिथं धावजी भेटला. तांड्यावरचा, रूळ तपासणारा गँगमन. चिलीम त्याची, तंबाखू मामाजींची. एकेक झुरका, मग पुढच्याला. धावजीचा हात कलाकाराचा होता. खिळे, नळीचे तुकडे, डब्याची झाकणं, काहीही दिलं की त्यातून चिलीम करायचा. एकदा त्यानं किटलीच्या तोटीची केली, तर मुकादमानं हिसकून घेतली आणि स्वतःच ओढली.

"मंग आग लागली," मामाजी म्हणाले. "कोन्या तरी बैलबंडीतल्या कापसात खिळा होता. एवढासा. जिनात गेला, ठिणगी, आन् रुईले आग लागते तं आवाज नाही येत वं. नुसतं पांढरं होतं ते लाल होते. मी हात घातला, एका बाईचा पदर धरून ओढलं. पदरच हातात आला."

  जीपमधला रेडिओ जीपवाल्यानं आपणच बंद केला.

थोड्या वेळानं म्हणाले, "धावजी तेव्हापासून मले रोज विचारे, हात कसा हाय. पन्नास वर्षं विचारलं त्यानं. सवयच लागली होती."

मग छोटी गाडी बंद झाली. धावजीची नोकरी आधीच संपली होती, पण रूळ ओस पडले तसा तोही खचला. खोकला होताच. यवतमाळला दवाखान्यात नेलं तोवर छातीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेवटच्या चार महिन्यांत खाटेवर बसून कानशीनं घासत त्यानं हे इंजिन केलं. "गाडी बंद झाली, बबन्या. आता हे चालव," असं म्हणून मामाजींच्या हातात दिलं, आणि वर म्हणाला, "पन पेटवू नको." त्या दिवसापासून मामाजींनी तंबाखू सोडली. ह्याला नऊ वर्षं झाली.

बाकीच्या बावन्न त्यानंतरच्या. एक मला आज कळलं, आणि मी ते एवढी वर्षं विचारलं नाही ह्याची मला लाज वाटते. त्या दोऱ्याच्या चिठ्ठीवरची तारीख ही चिलीम मिळाल्याची नाही. ती त्या माणसानं ओढणं सोडल्याची आहे. कोणाकडे वेगळी, विचित्र चिलीम आहे असं कळलं की मामाजी एसटीनं तिथं जातात. माणूस ओढत असेल तर नुसती बघून येतात. सोडली म्हणाला तरच मागतात. मक्याच्या बुरकुंड्याच्या चिलमीवर नाव नाही, कारण ती कोणी ओढलेलीच नाही. म्हणून ती सगळ्यांत खालच्या फळीवर.

"तुले लाज वाटली ते ठीक हाय," जीप दारव्ह्यात शिरताना ते म्हणाले. "पन मले म्हटलं असतं तं मीच उचलून ठेवली असती. मीनं तिले कापसात नसती ठेवली."

* * *

जिनिंगच्या फाटकाशी उतरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. यंत्र बंद होतं. मी महाराजांचं नाव घेतलं, तेवढ्यात भीती वाटली, बंद का आहे? बंद केलंय की काही झालंय?

आत गंजीपाशी पंधरा-वीस बाया गुडघ्यावर बसून कापूस उपसत होत्या. ओंजळ घ्यायची, पिंजायची, मागे टाकायची. मुनीम कमरेवर हात ठेवून उभे. आमचे हे घामानं निथळलेले, डोक्याला, मिशीला कापूस चिकटलेला. मला पाहताच तिथूनच ओरडले.

"कापसात काय ठेवतेत वं? आंबे पिकवून राह्यलती काय? गाडी खाली झाली, अर्धा कापूस जिनात गेला, अन् हे आता फोन करते!"

"अर्धा गेला?" मामाजींनी विचारलं.

"अर्धा गेला काका," मुनीम म्हणाले. "तुमच्या सुनेचा फोन आला आन् मी बटन दाबलं. गेलेल्या अर्ध्यात नसन तं देवाची कृपा. असन तं आत कुठीसा अडकून असन. चालू करू तेव्हा समजन."

मामाजी धोतर खोचून बायांच्या रांगेत बसले. मी त्यांच्या बाजूला. किती वेळ गेला सांगता येत नाही. कापसाचा ढीग बाहेरून मऊ दिसतो, पण आत हात घातला की दमछाक होते. नाकातोंडात तंतू जातात. प्रत्येक ओंजळीत काही कडक लागलं की बोटांनी चाचपून पाहायचे. सरकी असायची, नाहीतर सुकलेलं बोंड.  यंत्र बंद म्हणजे सगळ्यांचं काम बंद, आणि ते कोणामुळे हे सगळ्यांना माहीत होतं.

मग त्या टोकाला बसलेली एक बाई, चंदाबाई, ओरडली. "आली वं बाई, आगगाडी आली! टिकटा काढा!"

तिच्या हातात इंजिन. धुराड्यातून कापसाचा पुंजका बाहेर आलेला, जणू पांढरा धूर. बाया हसल्या. मीसुद्धा हसले असेन. ह्यांनी कपाळाला हात लावला. मामाजी उठले, दोन्ही हात पुढे करून इंजिन घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं.

मुनीम जवळ आले. त्यांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे तं तीनच चाकं हायेत. चौथं कुठी हाय?"



"तीनच हायेत," मामाजी म्हणाले. "चौथं नव्हतंच."

"नव्हतं कसं? तीन चाकाचं इंजिन कोन बनवते काका? ही जागा पाहा, दांडी बाहेर निघून हाय. पडलं चाक."

"पडलं नाही. बसवलंच नव्हतं."

मुनीम त्यांच्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. "ताई, काल तं तुमी म्हनत होत्या, तंबाखूचा वास बी नाही घरात. आज चिलीम निघाली. आता म्हनता, चाक नव्हतंच. मी कोनत्या गोष्टीवर भरोसा ठेवू? इथं वीस बाया काम करतेत."

त्यांचं एकही अक्षर चूक नव्हतं.

"तुमीच सांगा," ते म्हणाले. "तुमी ठेवलं कापसात. तीन होते की चार?"

मामाजी माझ्याकडे पाहत होते. हेही. तीन होती, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. मामाजी खोटं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. पण मला माहीत असणं आणि मी पाहिलेलं असणं, ह्यात फरक आहे. इंजिन माझ्या देव्हाऱ्याच्या बाजूच्या कोनाड्यात नऊ वर्षं होतं. रोज दिवा लावताना माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावरून गेला. मी त्याची चाकं कधी पाहिली नाहीत. चिलीम म्हणून मान वळवत आले.

"मले माहीत नाही भाऊ," मी म्हटलं. "मीनं कधी नीट पाह्यलंच नाही. आन् काल मी खोटं बोलली. मामाजी ओढत नाहीत, नऊ वर्षांपासून नाही, पन चिलमी आमच्या घरात हायेत. त्रेपन हायेत. मीच लपवल्या."

ह्यांनी मान दुसरीकडे केली.  मुनीमांनी यंत्राकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. मग मुकादमाला सांगितलं, "चाक भेटल्याशिवाय बटन नाही दाबायचं. आतलं उघडा."

आतलं उघडायचं म्हणजे अख्खा दिवस. आणि जे नाही ते शोधायचं, म्हणजे किती दिवस?

तेवढ्यात प्रेमसिंग फाटकातून आला. गाडी खाली करून तो चहाला गेला होता, फोनची बॅटरी उतरलेली. मामाजींच्या हातात इंजिन पाहून तो थबकला. धावजीचाच मुलगा तो. आज सकाळी स्वतःच्या बापाच्या हातचं इंजिन त्यानं स्वतःच्या गाडीत भरून आणलं होतं, त्याला पत्ता नव्हता.

"काका, हे इथं कसं?"

मुनीमांनी त्याला गाठलं. "तू सांग. याले चाकं किती होते?"

"तीन," प्रेमसिंग म्हणाला, विचार न करता. "चौथं माह्या घरी हाय."

मामाजींनी मान वर केली. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांतच दिसलं.

"बा चौथं घासून राह्यला होता," प्रेमसिंग म्हणाला. "भोक पाडाचं बाकी होतं. हात कापे त्याचा. मंग म्हने, तीनावरच देतो बबन्याले, मले टाइम नाही. त्याच्या पेटीत तसंच पडून हाय. मीनं कानशीसकट ठेवलं." मग मामाजींकडे पाहून ओशाळून म्हणाला, "तुमाले द्याले पाह्यजे होतं काका. पन बाच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं माह्यापाशी."

"जाय, आन," मुनीम म्हणाले. "आनल्यावर बोलू."

तांडा सहा किलोमीटर. प्रेमसिंग मुकादमाची मोटारसायकल घेऊन गेला. आम्ही सगळे थांबलो. बाया सावलीला बसल्या. एकीनं भाकरी सोडली, पण खाल्ली नाही. मामाजी सरकीच्या पोत्यावर बसून इंजिन मांडीवर घेऊन होते. धुराड्यातला कापूस त्यांनी नखानं काढला नाही. मी मनात जप धरला होता, पण मण्याऐवजी चाकंच डोळ्यांसमोर येत होती. पेटीत नसलं तर? तांड्यावरच्या पोरांनी कधीच खेळायला नेलं असलं तर?

पाऊण तासानं मोटारसायकल आली. प्रेमसिंगनं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत चाक, अख्ख्या सुपारीएवढं, एका बाजूला कानशीच्या रेघा, मधोमध भोकाच्या जागी खडूचा नाहीतर कशाचा तरी एक ठिपका. भोक नाही. म्हणजे ते दांडीवर कधी चढलंच नव्हतं.

मुनीमांनी ते बाकीच्या तिघांशी लावून पाहिलं. तोच घेर, तीच जाडी, कडेला तीच बारीक खाच. दांडीच्या टोकाला घासल्याची खूण नव्हती. त्यांनी दोनदा पाहिलं. मग चुंबक फिरवायला सांगितलं, तेही फिरलं. मग बटन दाबलं.

यंत्र सुरू झालं तेव्हा मामाजी डोळे मिटून उभे होते, डावा हात उजव्या हातानं धरून. रुई पांढरीच बाहेर पडत राहिली.

* * *

निघताना मुनीम फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "भाऊ, निरोपाचं..."

"चिलमीचं भावाले सांगाच लागन ताई," ते म्हणाले. "मी नाही लपवत." थोडं थांबले. "पन फोन तुमी केला, हे बी सांगन. न करता बी भागलं असतं तुमचं." मग मामाजींना म्हणाले, "काका, प्रेमसिंग म्हने तुमी पोळ्याले मांडता. येऊ काय पाहाले? खरंच त्रेपन हायेत?"

"बावन," मामाजी म्हणाले. "एक मक्याची हाय, ते पोरानं विकत घेतली. ते मोजत नाही मी."

घरी आलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. सलोनीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही म्हटलं तं नाही म्हनन आई. बरं झालं, मले तिथं जाऊन लपवालपवी करा नाही लागन." तिचा आवाज मात्र कोरडा होता. निरोप यायचा आहे.

ताटलीतल्या बासष्ट वाती तशाच होत्या. बाकीच्यांना कापूस नव्हता. माझ्या केसांत, पदरात अडकलेला काढला तर पाच झाल्या. सदुसष्टवर आजचा दिवा लावला.

लावताना मामाजींनी इंजिन कोनाड्यात ठेवलं. मी म्हटलं, "एकदा द्या जी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दिलं. मी उलटं करून चाकं पाहिली. एक, दोन, तीन. चौथ्या जागी दांडी. पोटाखाली बारीक टोकानं काहीतरी कोरलेलं होतं, चष्मा लावून वाचलं. धावजीनं स्वतःचं नाव घातलं नव्हतं. 'हात कसा हाय' एवढंच होतं.

 इंजिन जागेवर ठेवलं.

प्रेमसिंगनं चाक ठेवून घेतलं नाही, काकांकडेच दिलं. उद्या सकाळी आठच्या जीपनं मामाजी दारव्ह्याला लेथवाल्याकडे जाणार आहेत, चाकाला भोक पाडून आणायला.